कारवाँ ओढायला जुनी फोर-बाय-फोर घेताय? आधी वजनकाट्यावर जा



गेल्या पोस्टमध्ये वालाच्या पेरणीचं लिहिलं होतं. आज शेतीचं थोडं आणि गाडीचं जास्त आहे. पण पैसा शेतीचाच आहे, म्हणून इथेच लिहितो.

आमच्या दादाची सव्वा एकर जमीन रस्त्यात गेली. मोबदला आला. खालापूर तालुक्यात हे आता नवीन राहिलं नाही. कोणाचा मोबदला कुठे गेला हे गावात फिरलं की दारात उभं दिसतं, बहुतेक ठिकाणी चार चाकांवर. पुतण्या परवा रात्री मोबाईल घेऊन आला, "काका, ही बघ, दोन हजार एकवीसची थार, फोर-बाय-फोर, सिंगल ओनर, अकरा लाख. आपल्या कारवाँला एक नंबर." फोटोत गाडी खरंच देखणी होती. मी त्याला एवढंच विचारलं, आपल्या कारवाँचं वजन किती? म्हणाला, नऊशे किलो, विकणाऱ्याने सांगितलेलं. बस, तिथून आमचा वाद सुरू झाला तो अजून चालू आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणि २०२१ मध्ये कारवाँ पर्यटन धोरण आणलं. आमच्याकडे थंडीत पोपटी खायला मुंबई-पुण्याची माणसं येतातच. राहायला खोली बांधायची तर परवानग्या, पाया, वर्षभराची देखभाल. म्हणून आम्ही पुण्याकडून एक वापरलेला कारवाँ घेतला. स्थानिक वर्कशॉपमध्ये बनवलेला, चौदा फुटी, एकच धुरा, आत दोन पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी. स्वतःचं इंजिन नाही, मागे जोडून ओढायचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो आमच्या बांधावर असतो, मग उन्हाळ्यात पवना धरणाच्या बाजूला एका ओळखीच्या जागेवर, आणि पावसाआधी परत खाली. म्हणजे वर्षातून निदान दोनदा बोरघाट. चाकावर आहे म्हणून सगळं माफ असं समजू नका, ट्रेलरचीही आरटीओत नोंदणी लागते आणि विम्याच्या पॉलिसीत ट्रेलर लिहिलेला लागतो. पण हा विषय नंतर.

माझं म्हणणं सरळ आहे. आपली माणसं ओढणारी गाडी बघताना "चढेल का" एवढंच बघतात. चढते हो. दुसऱ्या गिअरमध्ये धूर काढत का होईना, चढते. प्रश्न उतरायचा आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी मेच्या शेवटी कारवाँ खाली आणायचा होता. मित्राची जुनी जीप मागून आणली. फोर-बाय-फोर होती, चिखलात कधी अडकली नाही, त्यामुळे माझा तिच्यावर फार भरवसा. जीपचं वजन जेमतेम साडेबाराशे किलो. खंडाळा सोडलं तेव्हा सगळं ठीक होतं. जुन्या रस्त्याने उतरत होतो, तिसऱ्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर. अर्ध्या उतारावर जळका वास आला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा आहे. शिंगरोबाच्या देवळापर्यंत आलो तेव्हा पेडल अर्ध्यावर गेलं, आणि पुढच्या वळणाला पेडल पार खाली, गाडी मात्र थांबत नाही. मागून कारवाँ ढकलतोय हे पाठीत जाणवत होतं, जसं बैलगाडीची जू बैलाच्या मानेवर येते तसं. कसाबसा दुसरा टाकला, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात डावी चाकं घातली. कारवाँचा कोपरा भिंतीवर घासत गेला आणि आम्ही थांबलो. कोणाला लागलं नाही. घरची शेजारी बसली होती. एक शब्द बोलली नाही. शिंगरोबाला नाणं टाकायला मात्र उतरून मागे चालत गेली. त्या दिवसापासून कारवाँ मागे असेल तर ती गाडीत बसत नाही, एसटीने येते.

चूक जीपची नव्हती, माझी होती. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत साधारण पाचशे मीटर उतार आहे. एवढ्या उतारावर दोन-अडीच टन वजन रोखायचं म्हणजे सगळी उष्णता ब्रेकच्या लायनरमध्ये जाते. कारवाँला स्वतःचे ब्रेक नव्हते. म्हणजे साडेबाराशे किलोच्या जीपचे ब्रेक दुप्पट वजन रोखत होते. त्यात मी गिअर चुकीचा धरला. ज्या गिअरमध्ये चढतो त्यात किंवा त्याहून खालच्यात उतरायचं हे ट्रकवाले आपल्याला लहानपणापासून सांगतात, आणि मी चारचाकी आहे म्हणून शहाणपण केलं.

त्यानंतर काय केलं, तर कारवाँ वजनकाट्यावर नेला. आपल्याकडे कारखान्यांच्या पट्ट्यात पावलोपावली काटा आहे, पावती मिळते. पाण्याची टाकी भरून, गॅस, बॅटरी, गाद्या, भांडी, सगळं जसं पाहुणे येताना असतं तसं ठेवून. पावतीवर आकडा आला १२६० किलो. नऊशे नाही. विकणारा खोटं बोलला असं मी म्हणत नाही, रिकामा असेल नऊशे. पण शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. घरगुती भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी पन्नास-साठ किलो. वर आम्ही बसवलेला एसी आणि छतावरची ताडपत्री. वजन कोणी लपवत नाही, ते असं थोडं थोडं चढतं, खाचरातल्या तणासारखं.

परदेशात नवख्या माणसाला सांगतात की भरलेल्या कारवाँचं वजन ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. कायदा नाही, सल्ला आहे. आमच्या १२६० ला हा हिशेब लावला तर गाडी निदान दीड टनाची हवी. आणि युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. आपला चौदा फुटी डबा त्या रेषेच्या किती पुढे गेलाय बघा.

दुसरं वजन कोणी मोजत नाही ते म्हणजे नाकावरचं. कारवाँचा जो दांडा गाडीच्या गोळ्यावर बसतो, त्याच्यावर किती भार आहे. एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के असावा. आमच्या हिशेबाने साठ ते नव्वद किलो. मी भाताच्या गोणी मोजायचा काटा दांड्याखाली ठेवून मोजला. फक्त ३० किलो! कारण बनवणाऱ्याने पाण्याची टाकी पार मागच्या भिंतीला लावली होती. नाक हलकं असलं की कारवाँ साठच्या वेगाला शेपूट हलवायला लागतो, आणि एकदा हलायला लागला की ब्रेक दाबून थांबवायला जाऊ नका, ॲक्सिलेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. आम्ही टाकी धुऱ्याच्या थोडी पुढे घेतली, भार ७५ वर आला. वेल्डिंगचं काम एका दिवसाचं.

आता गाडी. पुतण्याला मी नाही म्हणत नाही, पण अकरा लाख एका गाडीत घालायला नाही म्हणतो.

आधी एक फसगत सांगतो. नवीन थार जानेवारी २०२३ पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारीही मिळते. दिसायला तीच. वापरलेली घेताना "थार आहे म्हणजे फोर-बाय-फोर" असं धरून व्यवहार करू नका, आत दुसरा लिव्हर आहे का बघा. २०१० ची जुनी थार सीआरडीई, १०५ अश्वशक्तीची, वजनाने आमच्या कारवाँला पुरते. पण जुनी काय, नवी काय, थारचा व्हीलबेस अडीच मीटरच्या आत आहे. मागे चौदा फुटी डबा जोडला की आखूड गाडीला तो हाताळतो, गाडी त्याला नाही. पुतण्याला हे पटत नाही. त्याचं म्हणणं पाहुणे फोटोत थार बघून येतात. यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पण फोटोसाठी अकरा लाख?

जिप्सी अनेकांच्या मनात असते. चिखलात तिच्यासारखी हलकी आणि चपळ गाडी नाही, मीही तिचा भक्त आहे. पण वजन टनाच्या आसपास आणि पेट्रोलचं १३०० सीसी इंजिन. दोन बकऱ्या आणि युरियाच्या चार गोणी ठीक, १२६० किलोचा कारवाँ नाही.

बोलेरो कॅम्पर किंवा पिकअप फोर-बाय-फोर. शेतकऱ्याला हीच जवळची, पार्ट कुठल्याही तालुक्यात मिळतो, मिस्त्री डोळे मिटून खोलतो. व्हीलबेस लांब, मागे पाट्यांची सस्पेन्शन. घाटात सावकाश चढेल, मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत. कागद मात्र नीट बघा, मालवाहू म्हणून नोंद असेल तर फिटनेस, परवाना, विमा हे सगळं त्या हिशेबाने येतं.

माझ्या मनात भरलेल्या दोन म्हणजे स्कॉर्पिओ गेटअवे आणि टाटा झेनॉनचं फोर-बाय-फोर मॉडेल. दोन्ही शिडीच्या चासीच्या, तीन मीटरच्या वर व्हीलबेस, कॉमनरेल डिझेल. दिखाऊ नाहीत म्हणून वापरलेल्या स्वस्त पडतात. मागच्या हौद्यात भात, भाजी, खत, आणि सीझनमध्ये कारवाँ. टाटा सफारीची २.२ फोर-बाय-फोर पण चांगली, १४० अश्वशक्ती, दोन टनाच्या आसपास वजन, आणि दादाला पाठीमागे आरामात बसता येईल. तिच्यात फोर-बाय-फोर बटणावर लागतं, लिव्हरवर नाही. बटणाची मोटार आणि वायरिंग चालू आहे याची खात्री उभ्या उभ्या नाही, चिखलात करायची. इसुझू व्ही-क्रॉस २०१६ पासून आहे, ओढायला उत्तम, पण वापरलेलीही महाग. फॉर्च्युनर, एंडेव्हर या ओढतील, प्रश्नच नाही. पण फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं ठरवलं, तेव्हा एंडेव्हर घेण्याआधी पार्टचं आपल्या मिस्त्रीला विचारा. फॉर्च्युनरही फोर-बाय-टू च्या हिशेबाने, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर चालणारी, खूप विकली गेलीय. तिथेही लिव्हर किंवा नॉब बघा.

बघायला गेलात की काय बघायचं, हे शिळफाट्याच्या आमच्या चाचांनी शिकवलं. चाळीस वर्षं ते घाटातून उतरलेल्या गाड्या दुरुस्त करतायत.

बॉनेट उघडायच्या आधी ते गाडीखाली झोपतात. चासीला गंज आहे का, विशेषतः मागच्या पाट्यांच्या शॅकलजवळ आणि जिथे हिच बसणार तिथे. अलिबाग-उरणकडची समुद्रकाठची गाडी असेल तर स्क्रूड्रायव्हरने टोचून बघतात. जोडणीवर नवीन वेल्डिंग आणि त्याच्यावर ताजा काळा रंग दिसला की ते उठतात आणि चहा प्यायला जातात, पुढची बोलणी नाही. मग पुढच्या आणि मागच्या डिफरन्शिअलचं तेल थोडं काढून बघतात. दुधासारखं असेल तर गाडी नदी-ओढ्यात उतरलेली आहे, पाणी आत गेलंय. २०२१ च्या जुलैत चिपळूण-महाडला पूर आला त्यानंतर बुडालेल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ सापडते. ही युक्ती फुकटची आहे.

फोर-बाय-फोर लागतं का हे डांबरावर बघू नका. पार्टटाइम प्रकारच्या गाडीत पुढची-मागची चाकं एकाच फेऱ्यात बांधली जातात. कोरड्या डांबरावर वळवली की सगळा ताण ट्रान्सफर केस आणि क्रॉसवर येतो, गाडी अडखळते. त्यामुळे घाटात, कोरड्या रस्त्यावर, टू-हाय मध्येच चालवायची, मागे कारवाँ असला तरी. ओल्या खाचरात किंवा सैल मुरुमावर न्या, फोर-हाय, मग फोर-लो. लो मध्ये गाडी साधारण अडीच पट सावकाश आणि तेवढीच जोरात ओढते, फरक लगेच कळतो. पुढची चाकं खरंच माती उकरतायत का हे बाहेर उभं राहून दुसऱ्याने बघायचं. परत टू-हाय मध्ये आल्यावर काही गाड्यांचे हब सुटायला थोडं मागे न्यावं लागतं, त्याला बिघाड समजू नका.

चारही टायर एका मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत. पुढे नवे, मागे गोटे झालेले, असं असेल तर फोर-बाय-फोरला ते मारक. टायरवर चार आकडी शिक्का असतो, ४२१९ म्हणजे २०१९ सालचा बेचाळिसावा आठवडा. खोपोलीच्या उन्हा-पावसात सहा वर्षांचा टायर नक्षी शिल्लक असली तरी मी कारवाँ ओढायला वापरणार नाही. क्लच बघायचा तर हँडब्रेक ओढून, मोकळ्या जागी, वरचा गिअर टाकून हळू क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट चांगली, फिरत राहिलं तर खर्च धरा. आणि आधीच हिच बसवलेली गाडी असेल तर जास्त बारकाईने बघा. "कधी ओढलंच नाही" म्हणणाऱ्याच्या गोळ्यावर घासल्याची चमक असते. गोळा ५० मिलिमीटरचा की दोन इंची हेही मोजा. फरक मिलिमीटरच्या आत आहे पण ढिला बसला की दर खड्ड्याला आपटतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची पिन वेगळी, तिथे ढिलाई चालते, इथे नाही.

कागदांचं. फॉर्म २९ आणि ३० हस्तांतराचे, कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत आणि फॉर्म ३५. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात दिसतात. किंमत बघून हुरळू नका. तिथलं एनओसी, इथला रोड टॅक्स, नवीन नंबर, हे सगळं मिळवून मग तुलना करा. पंधरा वर्षांवरची घेणार असाल तर फेरनोंदणीची फी एप्रिल २०२२ मध्ये चारचाकीला ५००० झाली होती, फिटनेस पास करावी लागते, शिवाय ग्रीन टॅक्स. हिच बसवण्याबद्दल आरटीओत आधी विचारा, गाडीत फेरफार करण्याला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि अपघात झाला की विमावाले पहिलं तेच काढतात.

कोणी म्हणेल, एवढं कशाला, ट्रॅक्टर आहे ना. बरोबर आहे. कारवाँ फक्त गावात हलवायचा असेल तर मी गाडी घेऊच नका म्हणेन. रस्त्यापासून बांधापर्यंतचे शेवटचे दोनशे मीटर आमचा ट्रॅक्टरच ओढतो, आणि भात कापल्यावर नोव्हेंबरात खाचर वरून कोरडं, आतून ओलं असतं तेव्हा तर त्याच्याशिवाय पर्याय नाही. पण ट्रॅक्टरने पवन्याला कोण जाणार? एक्स्प्रेस वेवर तो चालत नाही आणि जुन्या घाटात मागे रांग लागेल. पवन्याच्या काठाला अवकाळी पाऊस झाला तर वर ओढून काढणारं आपलं कोणी नाही. तिथे फोर-लो लागतं. म्हणजे आम्हाला फोर-बाय-फोर हवीच, पण वर्षातून आठ-दहा वेळा, आणि घाटासाठी नव्हे.

म्हणून माझा क्रम असा. पहिला खर्च कारवाँच्या ब्रेकवर. ढकलब्रेक म्हणतात आमच्याकडे. गाडी थांबायला लागली की कारवाँ पुढे ढकलतो, त्या ढकलण्यानेच दांड्यातली सळई आत जाते आणि कारवाँची चाकं धरते. मागे घेताना तो ब्रेक लागून बसतो, त्यासाठी खटका किंवा मागे सोडणारी यंत्रणा हवी, हे बनवणाऱ्याला आधीच सांगा. आम्हाला चाळीसेक हजार सांगितलेत. दुसरा खर्च गाडीवर, सहा लाखांच्या आत. उरलेल्या पाच लाखांत दादाच्या उरलेल्या जमिनीला कुंपण आणि बोअरची मोटार होते, कर्जत-३ च्या बियाण्यापासून वालापर्यंत दोन हंगाम हातात पैसा राहतो. जमीन गेली ती परत येणार नाही, पण तिचा पैसा एका दिवसात घाटात उतरवायचा नाही, एवढंच माझं म्हणणं.

पुतण्या चिडलाय पण ऐकतोय. काल स्वतःच कारवाँखाली शिरून धुऱ्याचं माप घेऊन आला. दादा काहीच बोलत नाही, तो फक्त कुंपणाचे खांब कुठून आणायचे ते विचारतो.

रविवारी एक झेनॉन बघायला चाललोय, पनवेलच्या पुढे, २०१४ ची, दुसरा मालक. चाचा येतायत, स्क्रूड्रायव्हर घेऊन. मी वजनकाट्याची पावती खिशात ठेवलीय. घरची विचारत होती, ब्रेक कधी बसणार? म्हटलं, साजगावच्या जत्रेआधी. म्हणाली, मग जत्रेनंतर बघू, तोवर मी एसटीनेच.